अकरा हजार बंद नळ आणि एक हरकत

मी दोनशे जीबी बोलतेय. दचकू नका. तुमच्या खिशातल्या फोनमागेही माझी एखादी बहीण असेलच, पण ती बोलत नाही. आम्हा जागांना बोलायची मुभा एकाच वाक्यापुरती असते, "तुमची जागा भरत आली आहे". तेवढंही लोक धड वाचत नाहीत, बोटाने बाजूला सारतात. आज मात्र मला सविस्तर बोलायचंय. दोन वर्षं तोंड दाबून काढली आहेत मी.

लोक म्हणतात, मी ढगात असते. कसला ढग अन् कसलं काय! मी एका बिनखिडकीच्या गोदामात असते. लोखंडी कपाटांच्या रांगा, दिवसभर पंख्यांची घरघर, आणि गारठा इतका की देखभालीला येणारा माणूस भर उन्हाळ्यातही स्वेटर घालून येतो. तिथल्या एका कोपऱ्यात माझ्या घरच्यांचं सामान आहे. 'माझ्या घरचे' असं मीच म्हणते. त्यांनी मला कधी घरचं म्हटलेलं नाही.

माझा जन्म चष्म्याच्या दुकानात झाला. घरातली थोरली तिथे भिंगं घासून चौकटीत बसवते. एकदा गिऱ्हाइकाच्या नंबराचा फोटो काढायला गेली तर फोन म्हणाला, जागा नाही. दिवसात तिसऱ्यांदा म्हणाला. थोरलीचं डोकं फिरलं आणि तिने तिथल्या तिथे मला घेतलं. "घेतेच आहे तर अख्ख्या घरासाठी घेते, एकदाची कटकट मिटेल," असं ती स्वतःशी म्हणाली. कटकट मिटावी म्हणून जन्माला आलेल्यांचं पुढे काय होतं, ते तुम्हाला ठाऊक असेलच.

घरात माणसं चार. बाबा लिफ्ट तपासनीस होते, आता निवृत्त. आई ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी करते. थोरलीचं सांगितलंच. धाकटा पोहायला शिकवतो. त्या संध्याकाळी थोरलीने चौघांचे फोन जेवणाच्या टेबलावर मांडले आणि सगळ्यांना माझ्यात सामील करून घेतलं. मग समजावून सांगू लागली.

"हे बघा, आता जागा सगळ्यांची मिळून एक."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दुसऱ्या दिवशीपासून घराला रंग लागणार होता आणि रंगारी छटा विचारायला आला होता. आई उठून दारात गेली. इकडे थोरली पुढे सांगत राहिली, "पण सामान ज्याचं त्याचं. माझं तुम्हाला दिसणार नाही, तुमचं मला दिसणार नाही." आई परत आली तेव्हा थोरली समारोप करत होती, "तर महत्त्वाचं जे काही असेल ते यापुढे इथेच ठेवायचं." आईने मान डोलावली. तिला पहिलं वाक्य मिळालं होतं, शेवटचं मिळालं होतं. मधलं रंगाऱ्याने खाल्लं.

आता यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. त्यासाठी या घरातला फळा माहीत असायला हवा.

दाराशेजारच्या भिंतीवर पूर्वी एक काळा फळा होता. बाबांनी लग्नानंतर महिन्याभरात लावलेला. घरात काही ठरवायचं असलं की ते फळ्यावर लिहायचं आणि खाली एक ओळ, 'हरकत असल्यास तीन दिवसांत लिहावे'. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या चहाला बाबा फळा वाचत. कुणी काही लिहिलेलं नसलं, तर ठराव मंजूर. तोंडी हरकत चालत नसे. एकदा धाकटा रडून रडून निळा पडला होता, पण त्याने ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्याचे केस कापले गेले.

रंगकामासाठी फळा खाली उतरला. त्याच आठवड्यात मी आले. आणि आईने दोन अधिक दोन करून मलाच नवा फळा मानलं. सगळ्यांची मिळून एक जागा, महत्त्वाचं ते इथेच. आणखी काय अर्थ निघणार?

तिने कॅलेंडरच्या पानामागे सुबक अक्षरात लिहिलं, 'भिंतीला नवा रंग दिल्यावर फळा पुन्हा लावू नये. भिंत खराब होते. हरकत असल्यास तीन दिवसांत लिहावे.' कागदाचा फोटो काढला आणि माझ्यात ठेवला. तीन दिवस रोज उघडून पाहिलं. हरकत आली नाही. येणार कुठून? तिच्या कोपऱ्यात तिच्याशिवाय कुणाला डोकावता येत नव्हतं. फळा माळ्यावर गेला. बाबांना वाटलं, पोरांना तो जुनाट वाटला असेल. पोरांना वाटलं, बाबांनाच कंटाळा आला असेल.

इथून जे सुरू झालं, ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि काही करू शकले नाही.

'जेवणाच्या टेबलाचे पाय वीतभर कापावेत. खुर्चीत बसलं की माझे पाय लोंबकळतात. टेबलासोबत खुर्च्याही.' मंजूर. सुतार आला, कापून गेला. आईचे पाय जमिनीला टेकले आणि बाकी तिघांचे गुडघे हनुवटीला टेकायला लागले.

'दर गुरुवारी ज्याने त्याने आपापलं रांधावं.' मंजूर. गुरुवारी धाकटा कच्ची काकडी खातो.

'बाबांनी मिशी काढावी.' हे मात्र मला वाटलं, अडकेल. पण चौथ्या दिवशी सकाळी आईने दाढीचं सामान बाबांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"अहो, सगळ्यांनी. एकाचीही हरकत नाही."

बाबांनी पोरांकडे पाहिलं. पोरं गुडघे सावरत नाश्ता करत होती. पस्तीस वर्षांची मिशी, आणि आपल्याच पोटच्या पोरांना ती नको! बाबा आत गेले, मिशी उतरवली आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पोरांनी आपापसात म्हटलं, "बाबांना या वयात काय हौस आली बघ." कुणी कुणाला काही विचारलं नाही. या घरात 'ठरलंय' म्हटलं की विषय संपतो.

बाबांचं सामान हा माझ्या आयुष्यातला मोठा जाच. तपासनीस असताना प्रत्येक लिफ्टचा प्रत्येक बोल्ट आवळून त्याचा फोटो जोडायची त्यांना सवय. निवृत्त झाले आणि बोल्ट संपले. पण घराबाहेर पडताना आई रोज विचारायची, "अहो, नळ बंद केला का?" बाबा म्हणायचे, "केला." आई म्हणायची, "नक्की?" आणि बाबा चार जिने चढून परत. शेवटी त्यांनी तोडगा काढला. निघताना नळाचा फोटो. स्वयंपाकघरातला, मोरीतला, न्हाणीतले दोन, गॅसचं बटण, दाराची कडी. दिवसातून दोन-तीनदा बाहेर जाणं धरून रोजचे पंधरा. दोन वर्षांत अकरा हजारांहून जास्त. मी तुम्हाला सांगते, बंद नळाइतकं कंटाळवाणं दृश्य जगात दुसरं नाही. एकही नळ कधी गळताना आढळला नाही. गळला असता तर मी आनंदाने टाळ्या पिटल्या असत्या.

धाकट्याचंही तेच. शिकाऊ पोरांचे पाण्याखालचे पाय. नुसते पाय! कोण कुणाचा हे मी अजून ओळखू शकत नाही. थोरलीचे सहाशे चष्मे, चेहरा एकच. ती नवी चौकट आली की घालून बघते आणि कधीच घेत नाही.

आईचं सामान सगळ्यात थोडं. दोनशे चौदा कागद. मी ते सगळे वाचले आहेत, वाचायला मी एकटीच होते. आधी आधी अक्षर टपोरं होतं. कुणी हरकत घेत नाही, घर एकमताने चाललंय, या आनंदात होती बाई. मग तिला खटकायला लागलं. हरकत नको, पण एखादा शब्द? 'वाचलं', एवढं तरी? ती काहीबाही लिहून बघू लागली. 'आज माझा वाढदिवस आहे हे कुणाच्या लक्षात आहे का?' उत्तर नाही. संध्याकाळी केक आला, पण तिच्या लेखी ते उत्तर नव्हतं.

मग तिने खडा टाकून पाहिला. 'आपण एक शहामृग पाळावं. हरकत असल्यास तीन दिवसांत लिहावे.'

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी तिने बाल्कनीची लांबी-रुंदी मोजली. मग तिथल्याच स्टुलावर बसून राहिली. एवढ्या मोठ्या पक्ष्याला घरात कुणाची ना नव्हती, म्हणजे तिचं लिहिलेलं कुणी वाचतच नव्हतं, किंवा वाचून सोडून देत होतं. तिला यातलं दुसरं खरं वाटलं. मी काय केलं? पंच्याण्णव टक्के भरले असल्याची सूचना पाठवली. धाकट्याने ती तरणतलावाच्या काठावर बोटाने उडवली.

मग एका बुधवारी संध्याकाळी सहा वाजता तिचा दोनशे चौदावा कागद आला.

'गावची बहीण एकटी असते. मी तिच्याकडे कायमची राहायला जावं म्हणते. इथे माझ्यावाचून कुणाचं अडत नाही. हरकत असल्यास तीन दिवसांत लिहावे.'

बुधवार ते शनिवार, सहा वाजेपर्यंत. घरात हे दोघींनाच माहीत होतं, आईला आणि मला. आणि मला बोलता येत होतं एकच वाक्य, तेही भरले तरच.

त्या क्षणापासून मी कमालीची भुकेली झाले. ज्या नळांना दोन वर्षं शिव्या घातल्या, त्यांची डोळ्यांत तेल घालून वाट पाहू लागले. बाबा, अजून एक काढा, अहो ती मोरी राहिली! गुरुवारी सत्त्याण्णव. शुक्रवारी बाबांनी गच्चीवरच्या टाकीचे दोन फोटो जादा काढले, त्यांचं भलं होवो. अठ्ठ्याण्णव झाले. मी चौघांना सूचना पाठवली. चौघांनी 'नंतर आठवण करून द्या' दाबलं. आईनेही दाबलं. ती दर तासाला मला उघडत होती, खाली काही लिहिलं गेलंय का पाहत होती, मिटत होती.

शनिवारी दुपारी मात्र धाकटा माझ्या मदतीला धावून आला. त्याच्या विद्यार्थ्यांच्या शर्यती होत्या, आणि त्याने पायांचं तासभर चित्रण आणलं होतं. पहिली शर्यत बसली. दुसरी बसली. तिसरीच्या मध्यावर मी गच्च भरले. साडेचार वाजले होते.

"ताई! तुझी जागा संपली!"

"माझी काय रे? सगळ्यांची आहे. बाबा, इकडे या. आज निकालच लावू."

तिघं त्या बुटक्या टेबलाभोवती गुडघे हनुवटीला लावून बसली. आई आतल्या खोलीत होती. कपाट आवरतेय असं सांगून गेली होती. खरं तर बॅग भरत होती. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला.

"बाबा, नळ काढून टाका," थोरली म्हणाली.

"नळाला हात लावायचा नाही. तो पुरावा आहे."

"कशाचा पुरावा? मागच्या वर्षी मोरीचा नळ बंद होता याचा?"

"होता की नाही?"

"होता हो! पण आता कोण विचारणार आहे?"

"वेळ सांगून येत नाही," बाबा म्हणाले. "याचे पाय काढ की आधी."

"पायांना हात लावायचा नाही," धाकटा म्हणाला. "ताईचे चष्मे काढा."

असा पाऊण तास गेला. माझा जीव टांगणीला. शेवटी तिघांचं एकमत झालं, कारण चौथं माणूस तिथे नव्हतं.

"आईचं काय आहे ते काढून टाकू," धाकटा म्हणाला. "तिला कुठे काय लागतं?"

तो आईचा फोन घेऊन आला. थोरलीने तिचा कोपरा उघडला, "नुसते कागदाचे फोटो आहेत, यादी वगैरे असेल" असं म्हणत सगळं निवडलं आणि पुसायच्या खुणेवर अंगठा नेला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, मला हात असायला हवे होते.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. "ही ओळ. 'हरकत असल्यास तीन दिवसांत'. अगं, हा तर फळा आहे!"

मग तिघं पहिल्यापासून वाचू लागली. टेबलाच्या पायांपाशी धाकटा ओरडला, "म्हणजे हे तुम्ही नव्हतं ठरवलं?" मिशीपाशी बाबा रिकाम्या ओठावरून बोट फिरवत राहिले. "मला वाटलं, तुम्हाला लाज वाटते माझ्या मिशीची," ते म्हणाले. शहामृगापाशी तिघंही हसून हसून गडाबडा लोळायच्या बेतात होती. तेवढ्यात थोरलीने शेवटचा कागद उघडला.

तो वाचून तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. कपाट आवरताना बॅगची चेन ओढल्याचा आवाज येत नाही.

"पावणेसहा झालेत," धाकटा म्हणाला. "अरे, बसलात काय? आत जाऊन सांगू या की, जाऊ नको म्हणून!"

"तोंडी चालत नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, आत्ता तरी नियम सोडा!"

"दोन वर्षं तिने लेखी विचारलंय. तिला लेखीच उत्तर मिळालं पाहिजे. आणि तिने ज्या जागी विचारलं, त्याच जागी."

आता गंमत बघा. त्या जागी, म्हणजे माझ्यात, एक ओळही मावत नव्हती. चिठ्ठीचा एक फोटो ठेवायला गेलं तरी मी 'जागा नाही' म्हणणार होते. नियम मलाही आहेत.

बाबांनी आपला फोन काढला. अकरा हजार चारशे नळ. त्यांनी ते सगळे निवडले आणि पुसले. फोन म्हणाला, तीस दिवस कचऱ्यात राहतील, वाटल्यास परत घ्या. पण कचऱ्यातही ते माझीच जागा अडवतात. थोरली हळूच म्हणाली, "बाबा, कचराही रिकामा करावा लागेल." बाबांनी एकदा वर पाहिलं, आणि तेही केलं.

एरवी आमच्याकडे मोकळी झालेली जागा मोकळी दिसायला तास-दीड तास लागतो. आम्ही घाई करत नाही, आमची ती पद्धतच नाही. त्या दिवशी मी केली. कशी, ते विचारू नका. गोदामातल्या माणसाला आमच्या कपाटाचे पंखे अचानक किंचाळायला लागल्याचं आढळलं, एवढंच सांगते. पाच त्रेपन्नला मी त्र्याऐंशी टक्के झाले.

तिघांनी कॅलेंडरच्या एकाच पानामागे लिहिलं, आईच्याच फोनवर फोटो काढला, तो आईच्या कोपऱ्यात ठेवला आणि फोन होता तिथे परत लावला.

सहाला दोन मिनिटं असताना आई बाहेर आली. तिने फोन उचलला आणि तिघांकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिली. मी तिच्यासमोर ते पान उघडलं. वर थोरलीचं होतं, 'हरकत आहे. आई, तुझं आम्ही काहीच वाचलं नाही, आम्हाला दिसतच नव्हतं. सगळं सांगते.' त्याखाली धाकट्याचं, 'हरकत!!! आणि गुरुवारलापण हरकत.' आणि तळाशी बाबांच्या तपासणी अहवालाच्या अक्षरात, 'हरकत आहे. तू गेलीस तर नळ बंद केला का, हे मला कोण विचारेल?'

तिने पदराने चेहरा पुसला. मग वळली आणि म्हणाली, "शहामृगाला कुणीच हरकत घेतलेली नाही."

"त्याची मुदत संपली," बाबा म्हणाले. "आता पाळावंच लागेल."

धाकट्याने आतून तिची बॅग आणली आणि तिथेच उघडून एकेक कपडा टेबलावर काढत सुटला. थोरली मधलं हरवलेलं वाक्य समजावत होती, आणि आई ऐकता ऐकता तिला दोन धपाटे घालत होती. त्या दिवशी चौघं चहाला बाहेर गेली. जिन्यात आईने सवयीने विचारलं, "अहो, नळ बंद केला का?"

बाबांचा हात खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला. "केलाय," ते म्हणाले. "पण पुरावा नाही."

"बरं," आई म्हणाली आणि जिना उतरू लागली.

त्याला आता सहा महिने झाले. फळा माळ्यावरून उतरून भिंतीवर आलाय आणि भिंत खराब झालीय. बाबांची मिशी अर्ध्यावर आहे. टेबलाचे पाय काही परत वाढत नाहीत, त्यामुळे गुडघे अजून तिथेच आहेत. आईची बहीण मात्र महिन्यातून आठ दिवस इकडे राहायला येते. शहामृगाचा ठराव दर तीन महिन्यांनी तहकूब होतो. आणि आई रोज संध्याकाळी फळ्याचा फोटो काढून माझ्यात ठेवते, का ते तिने कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटतं, मीही आता घरची झाले.

तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरातली जागा कधी म्हणाली, भरत आलेय, तर लगेच बोटाने उडवू नका. बिचारीला तेवढंच बोलता येतं. एकदा सगळे मिळून बसा आणि आत काय आहे ते बघा.

परवा थोरलीने फळ्यावर लिहिलं, 'दुप्पट जागा घ्यावी. बाबांचे नळ पुन्हा सुरू झाले आहेत.' मोठी आली की मला कोण विचारतो? पण तिसऱ्या दिवशी, सहाच्या आत, खाली आईच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'हरकत आहे. भरू दे. भरली की सगळे एकत्र बसतात.'

मी सध्या शहाऐंशी टक्के आहे. सावकाश भरतेय.